रेणू फुटतो तेव्हा

सोडियमचा दिवा लावला की लगेच पिवळा होत नाही. आधी मलूल गुलाबी उजेड पडतो, मग नारिंगी, आणि बऱ्याच वेळाने तो जो काही पिवळा होतो त्यात लाल ओढणी, हिरवा शर्ट, गोरं, सावळं सगळं बुडून जातं. अंधाऱ्या खोलीत, त्या उजेडात रांगेने उभ्या असलेल्या पोरांचे चेहरे पाहिले की वाटतं, आपण प्रॅक्टिकलच्या परीक्षेला आलेलो नाही, कुणाची तरी ओळख पटवायला आलो आहोत.

यंदा परीक्षा लांबल्या. मे अर्धा सरला तरी प्रॅक्टिकल चालूच. बाहेरून येणाऱ्या परीक्षकाला ऊन लागलं, म्हणून कॉलेजवाल्यांनी मला बोलावलं. निवृत्त माणसाला बोलावलं की तो इस्त्रीचा शर्ट घालून शिपायाच्याही आधी जाऊन पोचतो, तसा मी पोचलो. काळ्या पडद्यांना तोच वास होता, धुळीचा आणि वटवाघळांचा. बाहेर परभणीचं ऊन, इतकं की कुत्रीसुद्धा सावली शोधायचं सोडून पडतील तिथे पडलेली. खुर्चीवर बसलो आणि स्पेक्ट्रोमीटरला डोळा लावलेली एक मुलगी दिसली. उजवा डोळा लावला होता तिने. मी उगाचच तिला म्हणालो, "डाव्या डोळ्यानंही बघ एकदा." ती घाबरली. तिला वाटलं काहीतरी चुकलं. मी काही नाही, काही नाही म्हणत राहिलो आणि पुढचा तासभर माझं परीक्षेत लक्ष नव्हतं.

मी या गावात जन्मभर भौतिकशास्त्र शिकवलं हे खरं, पण मला ते येत होतं असा आरोप माझ्यावर कोणी करू नये. एका विज्ञान प्रदर्शनात मी लाल बांगडीची काच बॅटरीच्या तोंडावर चिकटवून तिला 'लेझर' अशी पाटी लावली होती. पाहुणे खूश झाले, माझ्या पाठीवर थाप पडली. घरी आल्यावर बायकोने बांगडी मोडल्याबद्दल जे सुनावलं तेवढंच काय ते माझं त्या विषयातलं उच्चशिक्षण. दुसरा गुण असा की माझ्या पोटात काही राहत नाही. आमच्या घरात एखादी गोष्ट लपवायची असली तर गावापासून नंतर, आधी माझ्यापासून लपवतात. ही दोन्ही लक्षणं ठाऊक असूनही सुधाकर माझा मित्र राहिला, याचं मला आजही नवल वाटतं.

विद्यापीठाचा नामविस्तार व्हायच्या आधीचा शेवटचा उन्हाळा. परीक्षा तेव्हाही लांबल्या होत्या, पण कारण ऊन नव्हतं. आज इकडून बंद, उद्या तिकडून रास्ता रोको. भिंतींवर एका रात्रीत एक घोषणा लिहिली जायची, दुसऱ्या रात्री तिच्यावर चुना फासून उलटी घोषणा यायची, आणि दुपारच्या उन्हात चुन्याखालची पहिली पुन्हा दिसू लागायची. पेपर कधी होईल हे विद्यापीठाला माहीत नसायचं, मला तर नाहीच. पोरं कॉलेजच्या कडुनिंबाखाली पुस्तक डोक्याखाली घेऊन झोपायची. स्टाफरूममध्ये आम्ही पाच-सात जण बसायचो आणि विद्यापीठाच्या नावाचा विषय निघाला की ज्याला त्याला एकदम तपासायचे पेपर आठवायचे.

त्याच उन्हाळ्यात सुधाकर पूर्णेला, आईकडे आला. दूरच्या एका मोठ्या शहरात, नावाजलेल्या संस्थेत तो संशोधन करत होता आणि दर वर्षी आठ-दहा दिवसांसाठी यायचा. त्या वर्षी महिना झाला तरी जायचं नाव काढेना. सकाळच्या पॅसेंजरने परभणीला यायचा, माझ्या लॅबमध्ये बसायचा आणि संध्याकाळी आईकडे परत जायचा. "रजा आहे," एवढंच म्हणायचा. मीही विचारलं नाही. फुकटचा हुशार मदतनीस मिळाला होता, त्याला कारण कोण विचारतो.

प्रॅक्टिकलच्या आदल्या दुपारी मी स्पेक्ट्रोमीटरशी झटत होतो. दुर्बिणीतून दोन पिवळ्या रेषा शेजारीशेजारी दिसायला हव्यात. मला एक जाड रेष दिसत होती आणि तिच्यात माझी स्वतःची पापणी.

"सरक," सुधाकर म्हणाला. "तुझ्यानं काही व्हायचं न्हाई."

तो वाकला, आणि मान अशी वळवली की नाक यंत्राच्या पितळी नळीला घासलं. डावा डोळा लावला त्याने. शाळेत असल्यापासून हा माणूस उजव्या डोळ्याने सूक्ष्मदर्शी बघायचा.

"मोठ्या शहरात जाऊन डावरा झालास काय रे?" मी म्हणालो. "का उजवा डोळा संस्थेत जमा करून आलास?"

त्याने रेषा जुळवल्या, स्क्रू घट्ट केला, मग सरळ उभा राहिला. डाव्या डोळ्यावर तळहात ठेवून त्याने माझ्याकडे पाहिलं, त्या पिवळ्या उजेडात, बराच वेळ.

"कान दिसायलेत," तो म्हणाला. "केस दिसायलेत, जेवढे उरलेत तेवढे. खांदे हायेत. मधी तोंडच न्हाई. जिथं बघायला जावं तिथंच काही नसतंय." मग हात खाली घेतला. "तुझ्या बाबतीत सोयीचंच हाय म्हणा ते."

मी हसलो. हसून झाल्यावर मला कळलं त्याने काय सांगितलं ते. माझा हा क्रम जन्मजात आहे, आधी हसणं आणि मग समजणं, पण त्या दिवशी या दोहोंच्या मधलं अंतर मला फार लांब वाटलं.

सुधाकरच्या संस्थेतल्या लेझरचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही. कुठून चाललाय ते बघायला एक छोटं कार्ड हातात धरतात, त्यावर अंधुक ठिपका उमटतो. ठिपका नीट दिसेना म्हणून सुधाकरने क्षणभर संरक्षक चष्मा वर केला. तेवढ्यात कुठल्याशा भिंगावरून परतलेला एक झोत डोळ्यात गेला. झोत म्हणण्याइतकाही तो लांब नव्हता. एका सेकंदाचे लाख कोटी तुकडे करा, त्यातल्या एका तुकड्यापेक्षाही कमी वेळ तो टिकतो.

"दुखलं का?" मी विचारलं.

"न्हाई. डोक्यात टक असा आवाज आला, कोणी चुटकी वाजवावी तसा. मग डोळ्यासमोर काळा धूर तरंगायला लागला. तो धूर न्हवता, रक्त होतं."

डॉक्टरांनी सांगितलं होतं की गेलं ते गेलं, दुसरा डोळा सांभाळा. पावसाळ्याच्या तोंडावर तो परत जाणार होता, त्याच खोलीत, त्याच प्रकाशापुढे, उरलेला एक डोळा घेऊन. आणि हे त्याच्या आईला कळता कामा नये होतं.

"मायनं जाऊ नको म्हणलं तर मी जाणार न्हाई," तो म्हणाला. "तिचा शब्द मी आजवर मोडला न्हाई, अन् मोडायचाबी न्हाई. म्हणून तिला कळूच द्यायचं न्हाई. गावभर तोंड घेऊन फिरणारा तूच एक हायेस, म्हणून आधी तुझंच तोंड बंद करायलोय."

मी शपथ घेतली. कशाची घ्यावी हे सुचेना, म्हणून समोरच्या स्पेक्ट्रोमीटरवर हात ठेवून घेतली.

आता शहाणा माणूस इथे थांबला असता. मी सुधाकरचं व्याख्यान ठेवलं. मला वाटलं, प्राचार्यांच्या कानावर त्याची हुशारी जावी. आमच्याकडे एक जागा निघणार होती. त्याला ती मिळाली की तो इथेच राहील, डोळा वाचेल, आणि माझ्या लॅबमधल्या दुर्बिणीही कोणीतरी कायमच्या जुळवून देईल. माझ्या चांगुलपणात माझी सोय मिसळलेली असतेच. व्याख्यानाच्या दुपारी लाईट गेली. पंखे थांबले. वीसेक माणसं वर्तमानपत्राने वारा घेत बसली होती. मी ओळख करून देताना म्हणालो, "आमचे मित्र प्रकाशाने अणू फोडतात."

"रेणू," सुधाकर खडू उचलत म्हणाला. "आणि मी फोडत नाही. फुटताना बघतो."

फळ्यावर त्याने विहीर काढली. तळाशी एक टिंब, तो इलेक्ट्रॉन. साधा प्रकाश म्हणजे एक पायरी, म्हणाला. इलेक्ट्रॉन एक पायरी चढतो, कठडा लांब राहतो, परत पडतो. प्रकाश खूप तीव्र केला तर अनेक पायऱ्या एकदम पायाखाली येतात आणि तो कठड्यापलीकडे जातो. पण त्याच्याही पुढे वाढवला तर पायऱ्यांचा हिशेबच उरत नाही. प्रकाशाची ओढच एवढी होते की विहिरीची एक बाजू वाकते. भिंत पातळ होते, आणि इलेक्ट्रॉन उडी न मारताच तिच्यातून पाझरून बाहेर पडतो.

"एवढ्या प्रकाशात सगळं जळून जात नाही का?" आमच्या रसायनशास्त्राच्या बाईंनी विचारलं.

"जळायला वेळ लागतो, मॅडम. आम्ही वेळच देत नाही." त्याने फळ्यावर दोन गोळे काढले. "हे दोन अणू. एकमेकांना धरून आहेत. इलेक्ट्रॉन हलके, ते लगेच निघून जातात. अणू जड, ते हलायच्या आत आमचा प्रकाश येऊन गेलेला असतो. ते आहेत तिथेच, आहेत तसे शेजारीशेजारी उभे असतात. पण धरून ठेवणारं मधलं काही उरलेलं नसतं. दोघंही धन भाराचे. मग ते एकमेकांना ढकलतात, आणि फुटतात. तुकडे कुठल्या दिशेला, किती वेगाने येऊन आदळले ते आम्ही मोजतो. त्यावरून मागे मागे गेलं की फुटायच्या क्षणी रेणू कसा उभा होता ते कळतं."

शेवटच्या बाकावरून आमच्याच एका सहकाऱ्याने, अगदी गोड आवाजात विचारलं, "तिकडे संशोधनालाही जागा राखीव असतात का हो?"

वर्तमानपत्रं हलायची थांबली. सुधाकरने खडूची भुकटी हातावरून झटकली.

"माणसांचं ठाऊक नाही," तो म्हणाला. "लेझरला विचारलं होतं. तो म्हणाला, माझ्यापुढं येईल त्याला मी सारखंच धरतो."

लोक हसले. विचारणाराही हसला. मला तेवढं हसू आलं नाही, कारण त्या वीस माणसांत त्या उत्तराचा उरलेला अर्धा भाग फक्त मला ठाऊक होता. आभार मानायला उठलो आणि पाहुण्यांऐवजी वीज मंडळाचे आभार मानून बसलो.

त्या दिवशी संध्याकाळी आम्ही माझ्या गच्चीवर बसलो. फरशी तापलेली, वर पाणी मारलं की वाफ यायची आणि ओल्या सिमेंटचा वास. खाली कोणाचा तरी कूलर घरघरत होता. शाळेत आम्ही पूर्णेला एका बाकावर बसायचो. तो त्या वर्गात अर्ध्या वर्षातून आला होता, अठ्ठ्याहत्तर साली, विधिमंडळात नामांतराचा ठराव झाल्यावर ज्या गावांतून घरं जाळली त्यातल्या एका गावातून. अंगात मामाचा शर्ट, बाह्या दुमडून दुमडून जाड झालेल्या. गावाचं नाव लिहीत नाही. गाव अजून आहे, माणसंही आहेत. इतक्या वर्षांत मी त्याला त्या दिवसाबद्दल विचारलं नव्हतं. त्या संध्याकाळी, कसं कोण जाणे, विचारलं.

"सांगण्यासारखं काय न्हाई रे," तो म्हणाला. "माय चुलीपुढं होती. आवाज आला, अन् आमी उठायच्या आत छप्पर गेलं. लोक इचारतेत, तुमी काय केलं. करायला वेळ असावा लागतो." तो फरशीवरची वाफ बघत होता. "आता दादा भुसावळला, ताई कल्याणला, बापू नांदेडच्या मातीत, माय पूर्णेत, मी तिकडं. कोण कुठं जाऊन पडलं त्याच्यावरून मागं मागं मोजत गेलं की घर कसं होतं ते निघंल. आमची कोणची तसबीर न्हाई, घराची. हीच हाय."

मी तांब्यातलं पाणी पुन्हा फरशीवर ओतलं. काहीतरी करायला हवं होतं. अठ्ठ्याहत्तरच्या त्या पावसाळ्यात आमच्या गावातली, आमच्या भावकीतली माणसं रात्रीची कुठे जात होती हे मी घरी कधी विचारलं नाही. माझी बडबड एरवी थांबत नाही. तेवढ्या एका प्रश्नाच्या वाटेला ती गेली नाही.

"इथं जागा निघायलीय," मी म्हणालो. "राहा की इथंच. पोरांना भिंगं शिकव. एक डोळा पुरतो भिंगाला."

"नायट्रोजन झालाय," तो म्हणाला. जणू मी बोललोच नव्हतो. "ऑक्सिजन झालाय. कार्बन डायऑक्साइड राहिलाय. तीन अणू असतेत त्याचे, एका सरळ रेषेत. एवढा प्रकाश पडल्यावर तो तसाच सरळ राहून फुटतो, का फुटायच्या आधी वाकतो? कोणालाच नीट ठाऊक न्हाई, दिगू. मला ते बघायचंय."

"आणि दुसरा डोळा?"

"तो असल्याबिगर कसं बघणार," तो म्हणाला आणि हसला. पॅसेंजरची वेळ झाली होती, म्हणून उठला. गच्चीचा जिना उतरताना त्याने पहिल्या पायरीला आधी पायाने चाचपलं, मग वजन टाकलं.

जूनमध्ये तो गेला. मी पोचवायला पूर्णेला गेलो होतो. जंक्शनचं स्टेशन, तीन दिशांच्या गाड्या, त्यामुळे फलाटावर कायम कोणी ना कोणी चुकीच्या गाडीत बसलेलं आणि कोणी त्याला ओढून उतरवणारं. त्या दिवशी तो मी होतो. सुधाकरची पेटी मी नांदेडच्या गाडीत चढवली, ती उतरवून योग्य गाडीत नेईपर्यंत घामाने शर्ट पाठीला चिकटला. मावशी, म्हणजे त्याची आई, सिमेंटच्या बाकावर बसून हे सगळं बघत होती. काठाचं पांढरं लुगडं, हातात भाकरीचं फडकं. सुधाकर नळावर पाणी भरायला गेला. तो जरा लांब गेल्यावर ती म्हणाली,

"दिगंबर, त्याला उजव्या डोळ्यानं दिसत न्हाई, व्हय ना?"

मी तोंड उघडलं. त्यातून नेहमी काहीतरी निघतंच. त्या वेळी निघालं नाही.

"राहू दे. खोटं बोलाया जमत न्हाई तुला," ती म्हणाली. "आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याला म्हणलं, गोधडीला बसलेय, सुईत दोरा ओवून दे. लहानपणापसून त्योच ओवून देतो. तर दोरा आपला सुईच्या बाजूनं जायलाय. पुन्हा बाजूनं. म्हणला, माय, सुईच वाकडी हाय. म्हणलं असंल बाबा. मग त्यो भाईर गेल्यावर ओवली म्या माझी माझी."

"मग तुम्ही त्याला विचारलं का नाही, मावशी?"

"इचारलं असतं तर सांगितलं असतं त्यानं. माझ्यापुढं लबाडी टिकत न्हाई त्याची. अन् सांगितल्यावर मला म्हणावं लागलं असतं, लेकरा, जाऊ नको. अन् मी म्हणल्यावर त्यो गेला नसता." तिने फडक्याची गाठ सोडली आणि पुन्हा घट्ट बांधली. "घर गेलं तवा ह्यो सोळा वर्साचा होता. तवापसून म्या ह्याला कुठं जाऊ नको म्हणलं न्हाई. जितं जायचं तितं जा म्हणलं. आता म्हणू काय? तितं त्याचं काय तरी बघायचं राहिलंय म्हणतो. बघू दे."

"पण मावशी, दुसरा डोळा..."

"तेवढंच बोलू नको," ती म्हणाली. "अन् मला ठाऊक हाय हे त्याला सांगू नको. ठाऊक असून धाडलं म्हणल्यावर त्याचं तितं ध्यान लागायचं न्हाई. त्याला वाटू दे, माय अडाणी हाय."

सुधाकर पाणी घेऊन आला. झाकण बसवताना थोडं पाणी त्याच्या चपलेवर सांडलं. मावशी दुसरीकडे बघत होती. गाडी हलायच्या वेळी तो खिडकीत बसला आणि ती उठली. मी जिथे उभा होतो तिथे माझ्या शेजारी येऊन ती उभी राहिली नाही. मला बाजूला सारून खिडकीच्या पलीकडच्या अंगाला गेली, त्याच्या डाव्या डोळ्याच्या समोर, आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत तिथून हलली नाही.

त्याचं काम झालं. कार्बन डायऑक्साइडचे तुकडे येऊन आदळले, त्याने ते मोजले, आणि मागे मागे जाऊन पाहिलं. डाव्या डोळ्याला काही झालं नाही. ही चांगली बातमी हिवाळ्यात आली. नामविस्तार झाला, गावोगावी पुन्हा एसट्या फुटल्या, कुठे पेढे वाटले गेले आणि कुठे दारं आतून लावली गेली, त्याच हिवाळ्यात मावशी तापाने गेली. सुधाकरची गाडी पोचेपर्यंत आम्ही थांबलो होतो. तो आला, बुद्धवंदना झाली. मग तो तिच्या उशाशी उभा राहिला आणि त्याने उजव्या डोळ्यावर तळहात दाबून धरला. त्या डोळ्याने तिचा चेहरा मधोमध पुसला जात होता, आणि त्याला तो शेवटचा अख्खा बघायचा होता. भोवतीच्या बायका म्हणाल्या, रडायला लाजतंय लेकरू. मी त्याच्या शेजारीच होतो. सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. मी सरणाची लाकडं नीट रचली आहेत का ते बघायला गेलो, जणू मला त्यातलं काही कळत होतं.

पुढे तो फार लांब गेला. देश बदलला, गाव पुसट झालं. आम्हा दोघांना आता आमच्या आजारांची नावं एकमेकांच्या पोरांच्या नावांपेक्षा जास्त पाठ आहेत. परवा प्रॅक्टिकल संपवून घरी आलो, कूलरपुढे बसलो आणि त्याचा फोन आला. मी त्याला त्या मुलीचं सांगितलं, उजव्या डोळ्याने रेषा बघणारीचं. तो हसला. मग म्हणाला,

"वाकतो रे तो. तुला सांगितलं होतं का मी? फुटायच्या आधी जरा वाकतो."

"सांगितलं होतंस. लय वेळा."

वय झाल्यापासून तो बोलता बोलता थांबतो आणि प्रत्येक वेळी त्याच एका गोष्टीवर येऊन पोचतो.

"एक बरं झालं," तो म्हणाला. "मायला शेवटपर्यंत काही कळलं न्हाई. कळलं असतं तर तिनं जाऊ दिलं नसतं मला."

कूलरचं पाणी संपत आलं होतं, आत पंप कोरडा फिरत होता.

"नसतंच दिलं," मी म्हणालो.

"न्हाई ना?"

"न्हाई."

मग त्याने विचारलं, यंदा परभणीला ऊन किती आहे, आणि मी ते सांगत बसलो.